गाठ सुटली नव्हती

मित्रांनो, एका माणसाला एक पत्र आलं होतं. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेलं, अर्ध्या पानाचं पत्र. त्यात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. त्या माणसाला उत्तर माहीतही होतं. तरी त्याने दोन वर्षं ते दिलं नाही. पत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर, जुन्या डब्यामागे पडून राहिलं. ते माझ्याबद्दल होतं, आणि त्याच फळीखालच्या खिळ्याला मी टांगलेला होतो.

मी नायलॉनचा एक दोर आहे. आता जुना झालो आहे. मला बोलता येत नाही, त्यामुळे उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं. पण त्या आडोशाला उभं राहायची मला लाज वाटते. म्हणून जमेल तसं सगळं सांगतो. कुठे चुकलो तर समजून घ्या.

माझा जन्म कापसासारखा शेतात झाला नाही, की काथ्यासारखा नारळाच्या सोडणातून झाला नाही. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे यंत्रात वितळवून, बारीक भोकांतून शेवया पाडाव्यात तसे आमचे धागे पाडतात. ते गार झाले की ताणतात. चांगले तिप्पट-चौपट लांब होईपर्यंत ताणतात. या ताणण्यातूनच आमच्यात बळ येतं. मग शेकडो धाग्यांचा एक पदर आणि तीन पदरांना पीळ घालून एक दोर. मी अंगठ्याएवढा जाड होतो आणि ताज्या दह्यासारखा पांढरा.

पालघरच्या एका दुकानात आमचं मोठं वेटोळं आलं. दुकानदार गिऱ्हाइकाला हवा तेवढा दोर कापून देई. माझा एक भाऊ सातपाटीच्या बोटीवर नांगराला गेला. आम्ही पाण्यात तरंगत नाही, बुडतो, म्हणून नांगराला बरे. दुसरा शिरगावच्या एका वाडीत नारळाचे घड खाली उतरवायला गेला. मला तारापूरच्या एका कारखान्याने नेलं. त्या कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. त्याने काही फरक पडत नाही.

तिथल्या सामानाच्या कोठाराचे प्रमुख होते नागोराव. नांदेडकडून नोकरीसाठी आलेले, सरावलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बायकोबरोबर राहणारे. बोलायला बुजरे. चार माणसांत एखादं वाक्य बोलायचं तर आधी मनात तीनदा म्हणून पाहायचे, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. वाचन मात्र दांडगं. सिमेंटच्या पिशवीवरच्या सूचनासुद्धा ते शेवटपर्यंत वाचत, आणि वाचताना ओठ हलवून पुटपुटत. त्यांच्या या सवयीमुळेच मला पुढच्या बऱ्याच गोष्टी कळल्या.

मी आलो त्या दिवशी त्यांनी मेणबत्ती पेटवून माझी दोन्ही टोकं ज्योतीवर धरली. नायलॉन जळून राख होण्याआधी वितळतं. धागे एकमेकांत विरघळले आणि गार होऊन टोकाला करवंदासारखं काळं, कडक बोंड झालं. आता दोर टोकाकडून उसवणार नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या बोटाला चटका बसला होता. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि माझ्याकडे समाधानाने पाहिलं. माझ्यावर कुणी मायेने नजर टाकण्याची ती पहिली वेळ होती.

पुढची तीन-चार वर्षं मी खूप काम केलं. टेम्पोवर माल बांधला, मोटारी वर चढवल्या, ताडपत्र्या ताणल्या. एकदा पावसाळ्यात वसाहतीच्या रस्त्यावर खड्ड्यात रुतलेला टेम्पो ओढायला आधी काथ्याचा दोर लावला होता. पहिल्या झटक्यालाच तो तुटला. मग मला लावलं. मी लांबलो, आणखी लांबलो, झटका अंगात मुरवून घेतला आणि टेम्पो बाहेर आल्यावर परत होतो तेवढा झालो. सुपरवायझर मनीष हसून म्हणाला, "ये रस्सी नहीं, पहलवान है. इसको भी खाना खिलाओ." मी फुगलो. तेव्हापासून आपल्याला काही होऊ शकत नाही असं मला वाटू लागलं. नागोरावांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असावं.

दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं आमच्याकडे कामाला येत आणि पावसाच्या तोंडावर परत जात. त्यांत करंजपाड्याचा झिपरू होता. चौथीपर्यंत शिकलेला, काटक अंगाचा, थोडं बोलणारा. त्याच्या हातात गाठ होती. तिकडे घराचा कूड बांधायचा, शेतात मचाण उभारायचं, विहिरीवर लाकूड टाकायचं तर झिपरूला बोलावणं जाई. पहिल्याच दिवशी त्याने मला बोटांत धरून चाचपलं आणि नागोरावांना सांगितलं, "साहेब, हा दोर घसरता हाय. सुंभासारखी गाठ मारली तर दगा देल. याला एक फेरा जास्त लागते, न् शेपूट लांब ठेवाय लागते."

नागोरावांनी हे पुस्तकात वाचलं होतं. पण हाताने करून दाखवणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला. त्यांनी ती गाठ शिकायचा प्रयत्न केला. तीन वेळा चुकले. झिपरू म्हणाला, "तुमी लिवा साहेब, मी बांधतो." दोघंही हसले. नागोराव कारखान्यात मोकळेपणी हसताना मला तेवढ्याच वेळी आठवतात.

झिपरूची गाठ मी अजून विसरलेलो नाही. गाठ मारली की तो तिच्यावर पाय रोवायचा आणि सगळ्या अंगाचा जोर लावून एक झटका द्यायचा. गाठ करकचून बसायची. कितीही ओझं आलं तरी ती जागची हलत नसे. गाठीत अडकलेलं असणं म्हणजे कुणीतरी घट्ट हात धरणं, असं मला तेव्हा वाटे.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं.

एप्रिलमध्ये एका दुपारी निळे ड्रम टेम्पोवर चढवून मला त्यांच्याभोवती आवळलं होतं. एका ड्रमचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. टेम्पोने गचका खाल्ला आणि आतलं अॅसिड झाकणाखालून निथळून माझ्या अंगावर आलं. सगळीकडे नाही, एका टोकाजवळ हातभर. मला दुखलं नाही, मित्रांनो. दुखलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला पाणी कुजवत नाही, वाळवी खात नाही, पण तीव्र अॅसिड आमच्या धाग्यांना आतून तोडत जातं. वरून दोर तसाच्या तसा दिसतो. उलट थोडा अधिकच पांढरा दिसतो.

मनीष म्हणाला, "धो डालो, कुछ नहीं हुआ." झाकण बसवण्याचं काम त्याच्याच माणसांचं होतं, म्हणून विषय वाढू नये असं त्याला वाटत होतं. नागोरावांनी मला सोड्याच्या पाण्यातून काढलं, दोन दिवस सावलीत वाळवलं. कोठाराच्या दारामागे एक तक्ता होता. त्यात एक ओळ होती : आम्ल लागलेला दोर पुन्हा वापरू नये, त्याचे तुकडे करून टाकावेत, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्याही वापरात येणार नाही. तो तक्ता नागोरावांनीच आपल्या सुंदर अक्षरात लिहिला होता.

त्यांनी सुरी हातात घेतलीही. पण मी तिथे वेटोळं होऊन पडलेला, स्वच्छ, धडधाकट. तुकडे का केले असं कुणी विचारलं तर ड्रम गळल्याचं सांगावं लागलं असतं, मनीषच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. त्यांनी मनात तीनदा वाक्य म्हणून पाहिलं असावं. सुरी परत ठेवली आणि मला कोपऱ्यात सारलं.

मे महिन्यात झिपरू निरोप घ्यायला आला. पाड्याच्या विहिरीतला गाळ पावसाआधी उपसायचा होता. त्याने विचारलं, जुना दोर असेल तर नेऊ का. आमच्या भागात हे नवं नाही. डोंगरातल्या घरांत पाण्याचे पिंप, छपरावरचं प्लास्टिक, दोऱ्या, कितीतरी वस्तू तारापूरहून गेलेल्या असतात. कारखान्याला नकोशी झालेली वस्तू तिकडे नवी म्हणून राहते. नागोराव एकदम खूश झाले. एका कामाच्या माणसाला आपल्याकडून काहीतरी देता येतंय, आणि कोपऱ्यातला दोरही नजरेआड होतोय. त्यांनी मला उचलून झिपरूच्या हातात ठेवलं. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील.

ते म्हणाले, "जपून वापर."

एवढंच.

झिपरूने मला खांद्यावर घेतलं. एसटीत मी त्याच्या मांडीवर होतो. शेजारच्याने विचारलं तर त्याने सांगितलं, साहेबांनी दिला, कंपनीचा आहे.

विहिरीवर सगळा पाडा जमला होता. सकाळपासून गाळाच्या टोपल्या ओढल्या. मी एकामागून एक ओढत होतो, आणि लोक माझं कौतुक करत होते. त्या हातभर जागेत मधूनमधून काहीतरी तट्‌ करून जायचं, एखादा धागा तुटल्यासारखं. मी लक्ष दिलं नाही. मी टेम्पो ओढलेला दोर होतो.

खाली गाळ भरायला झिपरूचा मेहुणा सुका उतरला होता. त्याच्या बहिणीचा, रखमाचा नवरा. दुपारी काम संपलं. विहिरीचे दगड शेवाळाने निसरडे झाले होते आणि सकाळपासून गाळात उभं राहून सुकाचे पाय आखडले होते, म्हणून सुकाला दोरानेच वर घ्यायचं ठरलं. झिपरू खाली उतरून स्वतः त्याच्या कमरेला आणि मांड्यांखालून फास घालून आला. गाठ मारली, जास्तीचा फेरा दिला, शेपूट लांब ठेवलं, पाय रोवून झटका दिला. तो झटका मी सोसला. मित्रांनो, त्या झटक्याला मी तुटलो असतो तर! त्यासाठीच तर तो झटका असतो. पण मी दिखाऊ बळ काढून तो सोसला.

वरच्यांनी सुकाला चिडवायला सुरुवात केली होती. एक बाई म्हणाली, "हलू ओढा रं, रखमाचा येकच नवरा हाय." रखमा म्हणाली, "र्‍हाऊ द्या खालीच, घरात पसारा कमी." सुका खालून हसला. तो अर्ध्यावर आला आणि मी गाठीच्या तोंडाशीच तुटलो.

आवाजही फार झाला नाही. फास, गाठ आणि माझं लांब शेपूट सुकाबरोबर खाली गेलं. सुका दगडावर पडला. पडताना फास ढिला होऊन त्याच्या पायांवरून निसटला, गाळात गेला आणि आम्ही बुडणारे, तो तिथेच राहिला. वर लोकांच्या हाती आलं ते माझं उसवलेलं, विस्कटलेलं टोक. घाईत कुणीतरी म्हणालं, गाठ सुटली. दुसऱ्याने तेच म्हटलं. नायलॉनचा दोर घसरता असतो हे तर झिपरूनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सुका वाचला. मांडीचं हाड मोडलं, दोन महिने तो अंथरुणाला होता आणि आता काठीने चालतो. चार दिवसांत पाऊस लागला, विहीर भरली. खाली जाऊन फास शोधण्याचं कुणाला सुचलं नाही. रखमाने भावाशी बोलणं सोडलं. त्यानंतर कुणी झिपरूला कूड बांधायला बोलावलं नाही, मचाणाला बोलावलं नाही. लोक समोर काही बोलत नसत. फक्त त्याने दोर हातात घेतला की कुणीतरी हळूच त्याच्या हातून काढून घेई. हे मी पाहिलं, कारण मी त्याच्याच ओटीवर पडून होतो. संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन तीच गाठ बांधायचा आणि सोडायचा, परत बांधायचा. माझं बोंड नसलेलं टोक त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पण बोंड होतं हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याला फक्त आपले हात दिसत होते.

दिवाळीनंतर तो कामाला आला नाही. पाड्यावरचा जिवल्या बोईसरला कामाला जायला निघाला तेव्हा झिपरूने मला आणि ते पत्र त्याच्याजवळ दिलं. नागोराव तोवर निवृत्त झाले होते. जिवल्या पत्ता विचारत सरावलीला आला, दारातच मला आणि पत्र देऊन गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

नागोरावांनी पत्र उभ्याउभ्या, पुटपुटत वाचलं. ते असं होतं :

"नागोराव साहेबांना झिपरूचा रामराम. मी बरा हाय. दोर पाठवला हाय, तो तुमी बगा. सुका विहिरीत पडला. पाड्यात बोलतात झिपरूची गाठ सुटली. मी जास्तीचा फेरा देलेला मला आठवते. पण रोज आठवून आठवून आता खात्री वाटत नाय. तुमाला दोराचं कळते. माझी गाठ सुटली का दोर तुटला, येवढं लिवा. फोनवर नको, कागदावर लिवा. कागद असला तर रखमा मानेल. तुमच्यावर माझा राग नाय. तुमी चांगल्या मनाने देला."

नागोरावांनी माझी दोन्ही टोकं हातात घेतली. एकाला काळं बोंड होतं. दुसऱ्याला नव्हतं. गाठ सुटली असती तर बोंड जागेवर असतं. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. पांढऱ्या टोकाजवळचे धागे त्यांनी नखाने चोळले, तर ते वाळल्या गवतासारखे चुरले. त्यांनी चटकन हात मागे घेतला. जणू इतक्या वर्षांनी पुन्हा चटका बसला.

त्यांच्या पत्नी, मंगलाबाई, आतून म्हणाल्या, "कोण आलं होतं?"

"करंजपाड्याचा एकजण. त्या झिपरूची गाठ सुटली म्हणे, माणूस पडला."

ते असं बोलून गेले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग परत घेता आलं नाही.

त्यानंतर ते उत्तर लिहायला बसत. आठवड्यातून एकदा तरी बसत. कागद सरळ करत, तारीख घालत आणि लिहीत : नायलॉनचा दोर ओल्याने कुजत नाही. तो लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा ताणला जाऊन परत मूळ मापावर येतो, म्हणून झटका सोसतो. मात्र वर्षानुवर्षं उन्हात राहिला तर कमजोर होतो. ओला असताना त्याचं बळ थोडं घटतं. घासला गेला तर उष्णतेने वितळू लागतो. गुळगुळीत असल्याने त्याच्या गाठीला जास्तीचा फेरा लागतो. तीव्र आम्ल लागल्यास...

तिथे लेखणी थांबायची. दरवेळी तिथेच. माझे सगळे गुण आणि अवगुण त्यांनी चार-चार पानं भरून लिहिले. माझ्यावर इतकं सुंदर कुणी लिहिलं नसेल. आणि त्यातलं एकही पान झिपरूच्या उपयोगाचं नव्हतं.

सुरुवातीला त्यांना चौकशीची भीती होती. ती सहा महिन्यांत गेली, कारण विचारायला कुणी आलंच नाही. मग उशिराची लाज आली. आता इतक्या उशिरा काय लिहायचं? आणि जितका विचार करत तितका उशीर वाढत जाई. दोनदा झिपरूचा फोन आला. नागोराव फोनकडे बघत बसले, तो वाजायचा थांबेपर्यंत.

एकदा तर त्याहून वाईट झालं. त्यांनी लिहिलं की, हा दोर घसरता असतो, त्यामुळे गाठ सुटली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, चपला घातल्या. दारापर्यंत गेले. मी खिळ्यावरून पाहत होतो. तिथे ते बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी ते पाकीट फाडून त्याचे इतके बारीक तुकडे केले की केर काढताना मंगलाबाईंना वाटलं, उंदराने काहीतरी कुरतडलं.

मला त्यांनी टाकलं नाही. टाकलं असतं तर कुणीतरी उचलून वापरलं असतं. कापलंही नाही, कारण मी झिपरूचा पुरावा होतो. वापरलं नाही, दिलं नाही, सांगितलं नाही. मी टांगलेला राहिलो आणि माझ्यावर धूळ बसत गेली.

मग परवा खालच्या मजल्यावरच्या सपनाच्या बाळाच्या पाळण्याची दोरी झिजली. सपनाचा नवरा वसाहतीत कामाला आहे, मुलगी सहा महिन्यांची, नाव दीपिका. सपना वर आली तेव्हा नागोराव दूध आणायला गेले होते. मंगलाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं. सपनाने विचारलं, "चाची, मजबूत तो है ना?" मंगलाबाई म्हणाल्या, "कंपनीचा आहे. दीपिकाच काय, तिच्या बापाला झोपव."

खाली नेऊन त्यांनी मला छताच्या कडीतून ओवलं. माझी मनःस्थिती काय सांगू. दोन वर्षांनी मला कुणी काम देत होतं. एका कोवळ्या जीवाचं ओझं, सुकाच्या मानाने काहीच नाही. मला वाटलं, एवढं तर मी तोलेन. हे मी कबूल करतो, मित्रांनो. ते चुरणारं टोक कडीवर होतं, मला माहीत होतं, तरी मला तसं वाटलं.

सपना बाळाला पाळण्यात ठेवणार एवढ्यात दारात नागोराव दिसले. दुधाची पिशवी त्यांच्या हातातून सुटली. सगळ्या आयुष्यात ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता ते ओरडले, "नको! त्याला नको!"

बाळ रडू लागलं. मंगलाबाई चिडल्या. "अहो, केवढ्याने! काय झालं?"

"त्या दोरावरून माणूस पडलाय."

"ते गाठ सुटून ना? तुम्हीच म्हणालात."

नागोरावांनी या वेळी वाक्य मनात म्हणून पाहिलं नाही. "गाठ सुटली नव्हती," ते म्हणाले. "दोर तुटला. मला माहीत होतं, तो तुटेल म्हणून."

मग तिथेच, फरशीवर पसरलेल्या दुधात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ड्रम, तक्ता, सुरी, जपून वापर. सपनाला निम्मंच समजलं, पण ती बाळाला छातीशी धरून भिंतीकडे सरकली. ते सरकणं नागोरावांनी पाहिलं. मीही पाहिलं.

वर आल्यावर मंगलाबाईंनी डब्यामागचं पत्र काढून वाचलं. मग चार-चार पानांचे ते खर्डे वाचले. सगळे कागद नागोरावांसमोर ठेवले. शेवटी म्हणाल्या, "हे नायलॉन-पुराण कुणी मागितलं होतं तुमच्याकडे? त्याने एकच विचारलंय." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं त्याने स्वतःच्या हातांवर संशय घेतला. तुमच्यामुळे."

नागोरावांनी लेखणी उचलली. मग त्यांनी नवा कागद घेतला. कारखान्यात ते झिपरूला अरे-तुरे करत. पत्रात त्यांनी तसं केलं नाही.

"झिपरू, तुमची गाठ सुटली नाही. दोर तुटला. त्याला अॅसिड लागलं होतं, हे मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. दोराच्या टोकाला मी वितळवून काळं बोंड केलं होतं. गाठ सुटली असती तर ते टोकावर असतं. सोबत तुटलेलं टोक पाठवतो आहे, ते सगळ्यांना दाखवा. हे पत्र रखमा आणि सुका यांच्यासमोर वाचा. उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. दोष सगळा माझा आहे. नागोराव."

वाचून मंगलाबाई म्हणाल्या, "पत्र टाकलं म्हणजे सुटलात असं नाही. ते पोचलं की आपण दोघं पाड्यावर जायचं." नागोरावांनी मान हलवली.

मग त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि तक्त्यात लिहिलेलं काम केलं. माझे तुकडे केले, एकेक वीतभर. या वेळी मेणबत्ती लावली नाही. प्रत्येक तुकड्याचे पदर सुटून पसरले. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण हलकं वाटलं. माझा शेवटचा, चुरणारा तुकडा त्यांनी पत्रात गुंडाळला. तुमच्याशी बोलतो आहे तो हाच तुकडा.

मित्रांनो, जुन्या वस्तू दुसऱ्याला जरूर द्या. पण देताना त्या वस्तूला काय काय झालं आहे ते सगळं सांगा. नुसतं जपून वापर म्हणू नका, कारण तेवढ्याने कुणी सावध होत नाही. आणि कुणी तुम्हाला एका ओळीचा प्रश्न विचारला तर चार पानं लिहीत बसू नका. तिकडे कुणीतरी रोज संध्याकाळी आपली गाठ बांधून आणि सोडून बघत असतं.

दुसऱ्या दिवशी नागोराव बोईसरच्या टपाल कार्यालयात रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पाकीट दाबून बघितलं आणि विचारलं, आत काय आहे. मागे सात-आठ माणसं होती. नागोराव मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "दोराचा तुकडा आहे. माझ्या चुकीने तुटलेला." बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पाकिटाचं वजन केलं, करंजपाड्याचा पत्ता वाचून घेतला आणि शिक्का मारला. मग मला उचलून मागच्या पिशवीत टाकलं.